आठ टक्के नेमके कोणाचे?

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी ऑगस्टमध्ये हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात गेली. तिला जीवशास्त्र आणि साहित्य हे दोन्ही विषय सोडायचे नाहीत, मोठे विद्यापीठ नको आहे, आणि तिने अ‍ॅम्हर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर व पोमोना अशा चार छोट्या 'लिबरल आर्ट्स' कॉलेजांची, म्हणजे कला आणि विज्ञान दोन्ही शिकवणाऱ्या पदवी कॉलेजांची, नावे वहीत लिहून ठेवली आहेत. आई लिहितात, "ताई, शाळेतल्या गुणांची सरासरी, म्हणजे जीपीए, 3.95 आणि प्रवेशपरीक्षा एसएटीत 1530 आहे. यजमान म्हणतात, एवढे मार्क असताना न घ्यायला काय झाले? मला मात्र रात्र रात्र झोप लागत नाही. तिचे चान्सेस किती टक्के आहेत, ते एकदा स्पष्ट सांगा." शेवटी अरंगेत्रम (नृत्याचे पहिले जाहीर सादरीकरण), पैसे आणि सांगलीच्या सासूबाई यांच्याविषयी तीन छोटे प्रश्न आहेत. त्यांच्याकडे मी नंतर वळते.

तुमची झोप का उडाली आहे, हे मला मनापासून कळते. आपण मेरिट लिस्टच्या मुलखातून आलेली माणसे आहोत. कॉलेजच्या फळ्यावर यादी लागायची, ती एका आकड्यावर बंद व्हायची, आणि त्या आकड्याच्या वर असलेल्या मुलाला प्रवेश नाकारण्याची कोणाची प्राज्ञा नसे. तुमच्या यजमानांचे "न घ्यायला काय झाले" हे वाक्य त्या फळ्यासमोर उभे राहून उच्चारलेले आहे. येथे अमेरिकेत तसा फळा नाही, ही गोष्ट घरातल्या मोठ्यांनी आधी समजून घ्यायला हवी. मुलींना ती बहुधा आपल्या आधीच समजलेली असते.

आमच्या थोरलीच्या वेळी माझ्या यजमानांनी एक कागद छापून फ्रिजवर लावला होता. त्यावर आठ कॉलेजे होती, प्रत्येकासमोर 8 टक्के लिहिलेले होते, आणि तळाशी लाल शाईत 49 हा आकडा होता. त्यांचा हिशेब असा की एका ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता 92 टक्के असेल, तर आठही ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता 51 टक्के उरते, म्हणजे निदान एक होकार जवळजवळ निम्मा हातात आहे. गणित बिनचूक होते, पण ते नाण्यांना लागू पडते. आठही टपालांत मुलगी एकच होती. तिच्या शाळेत कॅल्क्युलस शिकवत असत आणि तिने तो घेतला नव्हता. गुणपत्रकासोबत शाळेची माहिती देणारे जे पान जाते, त्यावर शाळेत कोणते विषय उपलब्ध आहेत हे लिहिलेले असते, त्यामुळे ही उणीव आठही वाचकांना एकसारखीच दिसली असणार. मार्चच्या अखेरीस सात नकार आले आणि एका ठिकाणी वेटलिस्ट मिळाली, ती पुढे हलली नाही. कागद तिनेच फ्रिजवरून काढला, चार घड्या घातल्या आणि कचऱ्यात न टाकता ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या चार घड्या मला आजही आठवतात, म्हणून तुम्हाला मी टक्के सांगणार नाही.

त्याऐवजी जागा मोजायला शिका. बहुतेक कॉलेजे दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाची माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. सगळे काही वाचायची गरज नाही, 'सी' हा विभाग पुरेसा आहे. विल्यम्सचे उदाहरण घ्या. अलीकडच्या वर्षांत तेथे 15,000 च्या आसपास अर्ज येतात, अकरा-बाराशे मुलांना होकार जातो आणि साडेपाचशेच्या आसपास मुले प्रत्यक्ष दाखल होतात. परंतु या जागांपैकी जवळजवळ निम्म्या अर्ली डिसिजन या बंधनकारक अर्जांच्या आधीच्या फेरीत, डिसेंबरच्या मध्यापर्यंतच, भरलेल्या असतात. त्या फेरीत 20 ते 30 टक्के अर्जदारांना होकार मिळतो आणि नियमित फेरीत तो आकडा बराच खाली येतो. हे ऐकताच आपल्याकडचे पालक "मग अर्लीच भरू या" असे म्हणतात. येथे थांबा. त्या फेरीत प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू असतात, आणि अ‍ॅम्हर्स्ट किंवा विल्यम्ससारख्या छोट्या कॉलेजात संघांतील खेळाडू एकूण विद्यार्थ्यांच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास जातात, कारण कॉलेज लहान असले तरी फुटबॉलचा संघ लहान करता येत नाही. त्यांना वगळल्यावर तुमच्या मुलीसाठी अर्लीचा फायदा उरतो, पण छापील आकड्याएवढा नक्कीच उरत नाही.

शाळेच्या पोर्टलवर आधीच्या मुलांचे गुण आणि निकाल दाखवणारे जे ठिपक्यांचे आलेख दिसतात, त्यांचीही गत तीच आहे. आमच्या धाकट्याच्या वेळी त्यात कमी गुणांच्या कोपऱ्यात एक हिरवा, म्हणजे होकाराचा, ठिपका होता आणि आम्ही त्याकडे आशेने पाहत होतो. तो मुलगा उत्तम वल्हवतो, हे शाळेच्या समुपदेशकांनी नंतर सांगितले. ठिपक्यावर तसे कोठे लिहिलेले नसते.

आता तुमच्या 1530 विषयी. 'सी-9' मध्ये दाखल झालेल्या मुलांच्या मधल्या निम्म्या गटाचे गुण दिलेले असतात आणि 1530 हा या चारही कॉलेजांच्या अपेक्षेत चपखल बसणारा आकडा आहे. मात्र जेथे गुण पाठवणे ऐच्छिक असते, तेथे कमी गुणांची मुले ते पाठवतच नाहीत आणि छापलेली पट्टी मुळातच वर सरकलेली असते. गुण चांगले असल्यामुळे तिचा अर्ज नीट वाचला जाईल, एवढेच त्यातून निष्पन्न होते. पुढे काय पाहतात, याचा तक्ता 'सी-7' मध्ये आहे. विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारसपत्रे, आईवडिलांचे त्या कॉलेजशी असलेले नाते, अशा प्रत्येक गोष्टीला किती महत्त्व दिले जाते, त्याची खूण तेथे केलेली असते. हा तक्ता मुलीबरोबर बसून वाचा. वडिलांनाही बसवा आणि प्रत्येक ओळीसमोर तिच्या अर्जात काय आहे, ते तिलाच लिहू द्या. शक्यता अजमावायची म्हणजे हेच करायचे.

आणि तिची यादी बदला. हे जरा रागावूनच सांगते, कारण चारही नावे एकाच उंचीची असणे ही यादी नव्हे. तुम्ही लिहिता की "बाकीच्या कॉलेजांची नावे आम्ही कधी ऐकलेली नाहीत." ऐकली नाहीत हा त्या कॉलेजांचा दोष आहे का? माउंट होल्योक आणि ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयांत साधारण तीन अर्जदारांमागे एकीला होकार मिळतो. माउंट होल्योकची विद्यार्थिनी बसने अ‍ॅम्हर्स्टला जाऊन तेथील वर्गात बसू शकते, कारण त्या भागातील पाच संस्थांचा संघ आहे, आणि ब्रिन मॉरच्या मुलीला स्वार्थमोर व हॅवरफर्डचे वर्ग खुले असतात. मिनेसोटातले मॅकॅलेस्टर किंवा ओहायोतले केन्यन पाहा. वरच्या चारांपैकी दोन ठेवा, अशी तीन-चार घ्या आणि तुमच्या राज्याचे विद्यापीठ सोडू नका. आमची थोरली ज्या नवव्या कॉलेजात गेली, त्याचे नाव शाळेच्या समुपदेशकांनी अक्षरशः आग्रहाने यादीत घातले होते, आणि आम्ही उभयतांनी त्यांच्यासमोर तोंड वाकडे केले होते. तेथे दुसऱ्याच वर्षी ती प्राध्यापकांबरोबर प्रयोगशाळेत उभी राहून काम करत होती, कारण त्या कॉलेजात पदव्युत्तर विद्यार्थीच नव्हते आणि हाताखाली घ्यायला पदवीचीच मुले होती. याच कारणासाठी तुमच्या मुलीला लहान कॉलेज हवे आहे ना?

राहिले तीन प्रश्न. अरंगेत्रमचा उल्लेख जरूर करा, पण तिला त्याविषयी सांगण्यासारखे काही असेल तरच त्यावर निबंध लिहा. पैशांसाठी प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, आर्थिक मदत वजा जाता तुम्हाला किती खर्च येईल याचा अंदाज तो देतो. अर्ली डिसिजनचा अर्ज बंधनकारक असल्यामुळे त्यावर सही करण्यापूर्वी कॅल्क्युलेटरमध्ये तुमचे उत्पन्न भरून पाहा. सासूबाईंना "आर्ट्सला घातली म्हणजे मार्क कमी पडले का" अशी शंका येणे स्वाभाविक आहे, तेव्हा त्यांना इतकेच सांगा की या कॉलेजांत भौतिकशास्त्र आणि गणितही याच 'लिबरल आर्ट्स'च्या छत्राखाली शिकवतात आणि नात जीवशास्त्र शिकणार आहे.

शाळेच्या समुपदेशकांची भेट मात्र या आठवड्यातच घ्या. पहिल्या अर्ली फेरीची मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकांकडे तोपर्यंत तुमच्या मुलीसारखी पंचवीस मुले रांगेत उभी असतील.