टायमिंग खुणेवर, तरी गाडी ओढेना

प्रश्न : चार सिलिंडरच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीला नवे सी. बी. पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारे संपर्क) बसवले. आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचा वेग) कमी केलं की इंजिन बंद पडतं, म्हणून १२०० आरपीएमवर ठेवून टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने) पुलीवरची टायमिंगची, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेची, खूण जुळवली. आता गाडी चढाला ओढत नाही, गरमही होते. कार्बोरेटर खोलावा का?

उत्तर : कार्बोरेटरला तूर्त हात लावू नका. घोळ त्या १२००मध्ये आहे. एवढ्या वेगाला बऱ्याच डिस्ट्रिब्युटरमधली (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) वजनं उघडू लागतात आणि ठिणगी लवकर पडते, म्हणजे ॲडव्हान्स होते. थ्रॉटल जास्त उघडा राहिल्याने व्हॅक्यूमचा ॲडव्हान्सही मिळू शकतो. समजा, मॅन्युअलमध्ये ८ अंश (पिस्टन वर पोचण्याआधी) आहेत आणि त्यातले ६ या दोघांनीच दिले, तर मूळ टायमिंग उरलं २ अंश. ठिणगी इतकी उशिरा पडली की ताकद कमी मिळते, उष्णता एक्झॉस्टमध्ये आणि पाण्यात जाते आणि इंजिन कमी आयडलिंगवर टिकत नाही. मग आपण थ्रॉटलचा स्क्रू आणखी आवळतो.

सुरुवात पॉइंटच्या गॅपपासून करा. पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) डिस्ट्रिब्युटरच्या कॅमच्या उंचवट्यावर असताना फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा. साधारण ०.३५ ते ०.४५ मिमी असते, पण आकडा तुमच्या मॅन्युअलचाच घ्या. टायमिंग लावल्यावर गॅपला हात लावाल तर सगळं पुन्हा करावं लागेल, कारण गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला झिजते, गॅप मिटत जाते आणि टायमिंग आपसूक मागे पडतं. कॅमला ग्रीसचं बोट लावा आणि ५०० किलोमीटरनंतर गॅप पुन्हा तपासा.

आता इंजिन गरम, चोक पूर्ण आत. व्हॅक्यूम पाइप काढून त्याचं तोंड बंद करा, नाहीतर हवा ओढली जाते. क्लॅम्पचा बोल्ट हाताने डिस्ट्रिब्युटर फिरेल इतपतच सैल करा. रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग) फिरतो त्याच्या उलट दिशेला किंचित फिरवा. आरपीएम वाढेल, तेवढा थ्रॉटलचा स्क्रू सोडा. असं करत ७००पर्यंत आणा आणि मग खूण जुळवा. बोल्ट आवळताना टायमिंग हमखास हलतं, म्हणून लाइट पुन्हा मारून बघा. रेस दिल्यावर खूण सलग पुढे सरकून परत जागेवर यायला हवी. आली नाही तर वजनं अडकताहेत किंवा स्प्रिंग ढिली आहे. खूण आयडलिंगलाच नाचत असेल, तर शाफ्टचा बुश गेलाय. तो बदलल्याशिवाय टायमिंग टिकणार नाही.

पाइप जोडा, मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचा) स्क्रू सगळ्यात शेवटी. टॉप गिअरमध्ये चढावर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर नॉकिंग (इंजिनचा ठकठक आवाज) ऐकू आलं, तर २ अंश मागे घ्या.

प्रश्न : टायमिंग लाइट नसेल तर?

उत्तर : १२ व्होल्टचा बल्ब चालतो. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. रोटर एक नंबरच्या सिलिंडरच्या वायरकडे असताना पुली चालत्या दिशेनेच फिरवत खुणेवर आणा. पुढे गेली तर पाव फेरा मागे नेऊन पुन्हा या, म्हणजे चेनचा ढिलेपणा मध्ये येत नाही. इग्निशन चालू करा. बल्ब पेटलेला असेल तर डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने फिरवून विझवा, मग उलट दिशेला हळूहळू फिरवा. बल्ब पेटला तिथे बोल्ट आवळा. मॅन्युअलमधला स्टॅटिकचा (इंजिन बंद असतानाचा) आकडा घ्या, आयडलिंगचा नव्हे. काम झालं की इग्निशन लगेच बंद करा. पॉइंट जुळलेले राहिले तर कॉइल तापते.