लाल-लाल-निळा आणि तीन डब्यांची गाडी

पोळ्याला पंधरा दिवस होते. बँकेत नोकरी करणारी एक आई साडेपाच वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, मुलाला आपण छोटू म्हणू.) छोटू खुर्चीखाली शिरला आणि आईने पर्समधून चार घड्या घातलेली वर्कशीट काढली. लाल-लाल-निळा, लाल-लाल-निळा आणि पुढची चार वर्तुळं रिकामी. छोटूने ती लाल-निळा-लाल-निळा अशी रंगवली होती. बाजूला फुली आणि ‘प्रॅक्टिस घ्या’ असा शेरा.

“मॅडम, केजी टूमधल्या सगळ्यांना येऊन राहिलं, यालाच नाही. मोबाइलवर वाचलं, पॅटर्न नाही जमला तर पुढं गणित कच्चं राहते म्हणे. खरं आहे का?”

अर्धं खरं आहे. लहानपणी पॅटर्न नीट ओळखणं आणि पुढे गणित बरं जमणं यांचा संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. पण एका वर्कशीटवरची फुली म्हणजे दहावीची गुणपत्रिका नव्हे. या वयात ती समज घडत असते, आणि शिकवली तर वाढते. म्हणून ‘येतं की नाही’ यापेक्षा ‘नेमकं कुठे अडतंय’ हे मी आधी बघते.

पहिल्यांदा रंग. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणं मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळतं, आणि घरी ते वर्षानुवर्षं लक्षातही येत नाही. छोटूने रंगीत बटणं झटपट वेगळी केली. तिकडे शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही.

मग चमचा-वाटी, चमचा-वाटी मांडलं. त्याने पुढे टेबल संपेपर्यंत लावलं. चमचा-चमचा-वाटी मांडलं, तर दोन वेळा बरोबर आणि नंतर पुन्हा चमचा-वाटी. वर्कशीटवरचीच चूक.

ही चूक आळसाची नाही, हे आईला समजावायला मला बराच वेळ लागला. चमचा-वाटीत प्रत्येकानंतर कोण येणार हे ठरलेलं असतं. चमच्यानंतर वाटी, वाटीनंतर चमचा. मागचं एक बघितलं की काम झालं. चमचा-चमचा-वाटीत तसं नाही. चमच्यानंतर कधी चमचा येतो, कधी वाटी. आता ‘मागे काय होतं’ एवढं पुरत नाही, ‘मी तुकड्यात कुठे आहे’ हे धरून ठेवावं लागतं. छोटूला तो तुकडाच दिसत नव्हता. त्याच्यासाठी ती एक लांबलचक रांग होती. आणि घरी दिलेल्या वीस वर्कशीट्सनी ती रांग फक्त आणखी लांब केली होती. (पुस्तकात याला आकृतिबंध म्हणतात. शब्द छान आहे, पण तो ऐकून पालक जास्तच घाबरतात, म्हणून मी पॅटर्नच म्हणते.)

मी टाळी-टाळी-चुटकी सुरू केली. चुटकी त्याला वाजवता येईना, म्हणून तिच्या जागी टेबलावर थाप. आणि गडी एकदाही चुकला नाही! आई बघतच राहिली. हातांना ताल असतो, आणि तालात तुकडे आपोआप पडतात. कागदावरच्या गोळ्यांना श्वास घ्यायला जागा नसते.

ती जागा करून द्यायची होती. छोटूचं घर अ‍ॅक्वा लाइनजवळ, खिडकीतून मेट्रो दिसते. आपल्या नागपूर मेट्रोची गाडी तीन डब्यांची. म्हटलं, “दोन चमचे, एक वाटी. ही एक गाडी. गेली. आता थोडी जागा सोड. दुसरी कशी येईल?” तो खुर्चीखालून पूर्ण बाहेर आला. “ही लोकमान्य नगरला जाते का?” जाते म्हटलं. पाच गाड्या लागल्या. मग मी गाड्यांमधली जागा हळूहळू कमी केली. तिसऱ्या भेटीपर्यंत जागा न सोडताही जमू लागलं.

पण मधल्या काळात माझी एक चूक झाली. मी आईला म्हटलं होतं, “घरी मणी ओवायला द्या.” तिने प्रामाणिकपणे रोज संध्याकाळी पाऊण तास मणी ओवून घेतले, बरोबर आलं की स्टिकर. आठव्या दिवशी फोन आला, “तो मण्यांना हातच लावत नाही आता.” किती वेळ आणि कशासाठी, हे मी सांगायलाच विसरले होते. दहा मिनिटं, तीही खेळातून, आणि त्याने थांब म्हटलं की थांबायचं.

वाट आजीने काढली. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याला, लाकडी नंदी सजवायचा होता. माळेत दोन झेंडू, एक अशोकाचं पान. आजी ओवत होत्या आणि मुद्दाम चुकत होत्या. छोटू ओरडला, “आजी, तुझं चुकून राहिलं! पान राहिलं!” आजींनी कपाळावर हात मारला, “अगं बाई, हौ ना! मंग आता काय करू?” दुसऱ्याची चूक पकडायला मुलाला नियम मनात धरावाच लागतो. वर्कशीटवर चूक कायम त्याचीच असते, इथे आजीची होती.

तान्हा पोळा झाल्यावर तो नंदी घेऊनच आला. बोजाऱ्याचे (नंदी घरोघरी नेला की मुलांना मिळतात ते) किती पैसे जमले ते आधी सांगितलं. मी माळ दाखवून विचारलं, “ही माळ आणि टाळी-टाळी-थाप, एकसारखं आहे का?” तो माळेकडे बघत राहिला. मग म्हणाला, “हौ. दोन-एक, दोन-एक.” फुलं वेगळी, आवाज वेगळा, तरी आतलं एकच आहे हे ओळखणं माझ्या मते वर्कशीटच्या फार पुढचं आहे. आईला मात्र ते पटकन पटलं नाही. तिचा पुढचा प्रश्न होता, “मग कागदावर कधी करेल?”

सहा वर्षं उलटून गेल्यावरही मूल चमचा-वाटीसारखी साधी आलटून-पालटून मांडणी पुढे नेत नसेल, टाळ्यांचा ताल धरत नसेल, किंवा वस्तूंचे गट करताना सतत गोंधळत असेल, तर जरूर दाखवून घ्या. छोटूच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

दिवाळीआधी आईचा मेसेज आला, सोबत वर्कशीटचा फोटो. हिरवा-पिवळा-पिवळा, सगळं बरोबर. फक्त दर तीन गोळ्यांनंतर छोटूने पेन्सिलीने एक उभी रेघ मारली होती आणि पहिल्या तुकड्याला चाकं काढली होती. खाली आईने लिहिलं होतं, “मिस म्हणाल्या, रेघा मारू नको. काय करू?”

मी लिहिलं, “मारू द्या. मिसशी मी बोलते.”