ग्रँडमास्टरने दिलेले अनपेक्षित बलिदान संगणकाला सापडते का?

बुद्धिबळात पुढच्या फायद्यासाठी मुद्दाम मोहरा देणे म्हणजे बलिदान, आणि ते आजच्या संगणकाला बहुतेक वेळा सापडते. पूर्वी का सापडत नव्हते, ते एका डावावरून सांगतो.

स्पेनमधील लिनारेसच्या १९९८ च्या स्पर्धेत ग्रँडमास्टर तोपालोव यांच्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या शिरोव यांची दोन प्यादी जास्त होती, परंतु दोघांचे उंट विरुद्ध रंगांच्या घरांवरचे असल्यामुळे डाव बरोबरीत सुटेल असे वाटत होते. ४७व्या चालीला शिरोव यांनी आपला उंट एफ५ वरून एच३ वर, म्हणजे जी२ वरच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. त्यामुळे काळ्या राजासाठी एफ५ हे घर मोकळे झाले आणि जी२ वर हल्लाही झाला, म्हणून त्याची वाट अडवायला पांढऱ्या राजाला वेळेत ई३ वर पोचता येईना. तोपालोव यांनी उंट मारला, काळा राजा ई४ वर आला आणि पुढच्या काही चालींत डाव संपला.

नागपुरात मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून वर्गात तुमच्यासारखे प्रश्न वाढले आहेत, तेव्हा मी हीच स्थिती पटावर मांडतो. उंट हलवून राजाला वाट द्यायची, इथवर मुलांना सुचते. पण तो कुठे हलवायचा म्हटले की बहुतेक जण सुरक्षित घर शोधतात. गंमत म्हणजे जुनी इंजिनेही, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे संगणक प्रोग्रामही, तेच करीत. प्रत्येक चाल सारख्या खोलीपर्यंत तपासणे अशक्य असल्याने ज्या चालीत मोहरा जातो आणि लगेच काही हाती लागत नाही, ती चाल ही इंजिने वरवर पाहून मागे टाकत; लाभ मात्र त्यांची नजर पोचते त्याच्या काही चाली पलीकडे असे. आता यंत्रे अधिक वेगवान आहेत आणि २०२० पासून स्टॉकफिश या इंजिनमध्ये स्थितीचे मूल्यमापन करण्यासाठी न्यूरल नेटवर्कही (उदाहरणांवरून शिकणारी प्रणाली) आले आहे.

माजी विश्वविजेते मिखाइल ताल यांच्या बलिदानांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील कित्येक इंजिन नाकारते, कारण अचूक बचाव त्याला दिसतो. समोर बसलेल्या माणसाला घड्याळाच्या टिकटिकीत तो दिसणार नाही, यावरच ताल यांची भिस्त होती, आणि माझ्या मते अशा नकाराला इंजिनची चूक म्हणता येणार नाही.

पडताळून पाहायचे असल्यास काळा राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. पांढरा राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२, एच४ अशी मांडणी करून काळ्याची चाल द्या आणि इंजिन सुरू करण्याआधी दहा मिनिटे स्वतः विचार करा.