खेळघर : चिंचोक्यांची गाडी

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की घरच्या घरी पुठ्ठ्यावर गाडी डिझाइन करायचा बोर्ड गेम करता येतो, आणि मुलांना त्यातनं शाळेपेक्षा जास्त कळतं. त्यावर बरीच पत्रं आलीत, सगळ्यांना उत्तरं देणं होणार नाही, चार घेतो. (ज्यांनी "फोटो पाठवा" लिहिलंय त्यांना सांगतो, फोटोत फक्त एक फूटपट्टी दिसेल.)

प्रश्न : मी सांगलीजवळच्या एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. तुमचं वाचून सुट्टीत एक खेळ केला. सापशिडीसारखा पट, १०० घरं, घराघरात प्रश्न, गिअर कशासाठी, टायरला नक्षी का, असे. बरोबर आलं तर शिडी, चुकलं तर साप. पहिल्या दिवशी मुलं तुटून पडली, तिसऱ्या दिवशी कोणी हात लावेना. माझं कुठे चुकलं?

उत्तर : ताई, मेहनत दिसतेय, पण ही तोंडी परीक्षा झाली, सापासकट. उत्तरं पाठ झाली की खेळ संपला. गाडी डिझाइन करणं हे घरातल्या महिन्याच्या हिशोबासारखं असतं, इकडे वाढवलं की तिकडे कापायचं, त्यामुळे पोरांना आधी काहीतरी निवडायला लावा आणि त्याची किंमत भलत्याच जागी वसूल करा, मग पट नसला फासे नसले तरी चालतं.

मी भाचीबरोबर खेळतो ते सांगतो. ३० सेंमीची फूटपट्टी घ्यायची, ही आपली चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. टाटा नॅनो साधारण ३.१ मीटर लांब होती, आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.२३ मीटर, म्हणजे जवळजवळ १ ला १० चं प्रमाण आपोआप मिळतं. पट्टीवर ४ सेंमीला पुढचं चाक, २६ ला मागचं चाक, पेनाने खूण करायची. वजनासाठी चिंचोके, एक चिंचोका ५० किलो. चिंचोके घरंगळतात म्हणून काडेपेटीचे रिकामे ड्रॉवर घ्यायचे, एक इंजिनाचा, एक पुढच्या माणसांचा, एक मागच्यांचा, एक सामानाचा, आणि ते पट्टीवर हवे तिथे ठेवायचे. मग पट्टीखाली आडवी पेन्सिल घालून ती सरकवत न्यायची, जिथे पट्टी तोलून राहील तो गुरुत्वमध्य. समजा पेन्सिल १७ वर आली, तर पुढच्या चाकापासून १३ सेंमी झाले, १३ भागिले २२, म्हणजे ५९ टक्के वजन मागच्या चाकांवर. सातवीच्या मुलाला शेकडेवारी येतेच, आणि इथे ती कशाला लागते हेही दिसतं.

भाचीने पहिल्याच डावात इंजिन मागे ठेवलं, सामानही मागे, तेही मागच्या चाकाच्या पलीकडे, शेवटच्या टोकाला, कारण "डिकी मागेच असते ना मामा". मी दोन पेन्सिली ४ आणि २६ च्या खुणांखाली लावल्या, पट्टी पुढून टुणकन वर उठली आणि चिंचोके पलंगाखाली. माझी आई तिथेच भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "गाडी उलाळली तुझी." बैलगाडी हाकलेल्या घरातल्या माणसाला गुरुत्वमध्य शिकवायची गरज नसते, ते बघा. मागे भार जास्त झाला की बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जातं, टेम्पोत त्याच कारणाने पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही.

तेव्हा ताई, प्रश्नांची कार्डं फेकू नका, ती उलटी वापरा. कार्डावर प्रश्नाऐवजी गिऱ्हाईक लिहा. "नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो, पहाटे ४ च्या आत." "डोंगरातल्या वाडीवरची १२ मुलं शाळेत." पोरं त्या गिऱ्हाइकासाठी गाडी मांडतील आणि दुसरा गट तिच्यात खोड काढेल. खोड काढायला तर मुलांना मुळीच शिकवावं लागत नाही.

प्रश्न : भोसरीला राहतो, मुलगा नऊ वर्षांचा. आम्ही कार्डं करून खेळतो, इंजिन, बॅटरी, टायर, सीट वगैरे. पण तो दर वेळी सगळ्यात मोठं इंजिन नाहीतर सगळ्यात मोठी बॅटरी उचलतो आणि जिंकतो. मला हरायचा कंटाळा आलाय.

उत्तर : दादा, तुमच्या खेळात मोठी वस्तू फुकट आहे म्हणून तो जिंकतोय, पोरगं हुशार आहे, त्याने नियमातलं भोक शोधलं. प्रत्येक कार्डावर तीन आकडे लिहा, पैसे, वजन, जागा. तिन्हीला वरची मर्यादा. मग गंमत बघा.

बॅटरीचं खरं उदाहरण घ्या. ३० युनिट वीज साठवणारा इलेक्ट्रिक कारचा बॅटरी पॅक ढोबळ मानाने २०० किलोच्या आसपास जातो, म्हणजे आपले चार चिंचोके. ३५ लिटरची पेट्रोल टाकी काठोकाठ भरली तरी आतलं पेट्रोल २६-२७ किलोच, एक चिंचोकासुद्धा नाही. (पेट्रोल इंजिन त्यातली बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता म्हणून घालवतं आणि मोटर फार कमी घालवते म्हणून बॅटरीचं जमतं, पण ते नऊ वर्षांच्या मुलाला पुढच्या दिवाळीत सांगा.) आता तो म्हणेल दोन बॅटऱ्या लावतो, दुप्पट लांब जाईन. लावू द्या. फक्त नियम करा की दर चार जादा चिंचोक्यांमागे एक चिंचोका दंड, कारण वजन वाढलं की स्प्रिंग जाड लागतात, ब्रेक मोठे लागतात, आणि त्यांचंही वजन असतंच, मग ते ओढायला परत थोडी बॅटरी. चासीच्या कामात माझी वीस वर्षं गेली आणि त्यातली निम्मी भांडणं या एका गोष्टीवरून झाली, कोणीतरी येऊन म्हणायचं फक्त दोन किलो वाढलेत साहेब, आणि असे दोन-दोन किलोवाले रोज यायचे.

पैशाची मर्यादा कशी चावते ते दाखवायला नॅनोचं कार्ड करा, मी केलंय. २००८ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत ती आली तेव्हा १ लाखाची गाडी हाच सगळा डाव होता. मग काय काय कापलं? ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं छोटं इंजिन, ते मागे. चार नटांऐवजी चाकाला तीनच नट. वायपर एक. पहिल्या मॉडेलला बाहेरचा आरसा फक्त ड्रायव्हरच्या बाजूला, आणि मागचं दार उघडायचंच नाही, सामान आतून सीट पाडून ठेवायचं. मुलाला यातली एकेक गोष्ट परत "विकत" घेऊ द्या आणि १ लाखाच्या वर किती जातो ते मोजायला लावा. मला विचाराल तर तीन नट ही मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट आहे, हलक्या गाडीला तीन पुरतात हे गणित कोणीतरी नीट बसून केलं असणार. मागचं दार मात्र मला कधीच पटलं नाही. आणि एक कार्ड "शेजारी काय म्हणतील" असंही ठेवा, कारण सगळ्यात स्वस्त गाडी हा शिक्का नॅनोला जड गेला, २०१८ मध्ये उत्पादन थांबलं, आणि तो शिक्का कुठल्या चिंचोक्याने मोजणार.

प्रश्न : असा खेळ तयार विकत मिळतो का? मी दुबईत असते, चिंचोके कुठून आणू? (एक आई)

उत्तर : चिंचोके नसतील तर राजमा घ्या, सगळे सारख्या आकाराचे निवडून. तयार खेळांत अमेरिकेतला कार वॉर्स हा जुना, १९८० च्या सुमाराचा, त्यात गाडी जुळवताना पैसे, वजन आणि जागा हा तिहेरी हिशोब अगदी पक्का आहे, पण गाडीवर बंदुका बसवून एकमेकांना उडवायचं असतं, तेव्हा लहान मुलासमोर ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. कानबान नावाचा एक आहे, तो कार फॅक्टरीचा, डिझाइन, सुटे भाग, असेंब्ली लाइन सगळं येतं, खेळ उत्तम पण नियम समजायलाच एक रविवार जातो, मोठ्यांसाठी ठीक.

प्रश्न : नातू हा खेळ खेळून पुढे इंजिनिअर होईल का? (एक आजोबा, कोल्हापूर)

उत्तर : आजोबा, ते मी कसं सांगू. पण कॉलेजची पोरं हाच खेळ मोठ्या पटावर खेळतात, बाहा नावाची स्पर्धा असते, आपल्याकडे ती इंदूरजवळ पिथमपूरला २००७ पासून सुरू झाली, एका माणसाची, खाचखळग्यांत पळणारी गाडी स्वतः बनवायची. त्यात वर्षानुवर्षं सगळ्या टीमना साधारण १० हॉर्सपॉवरचं एकसारखंच इंजिन असायचं, म्हणजे भोसरीच्या आपल्या त्या पठ्ठ्याची पहिली युक्तीच बाद. नातवाबरोबर तुम्ही खेळा, आणि तुमच्याकडे कधी उसाची बैलगाडी असली तर ती कशी भरायचे ते त्याला पट्टीवर करून दाखवा, आधी पुढे किती मोळ्या, मागे किती. मलाही कळवा, माझ्या आईला विचारलं तर ती म्हणते अंदाजाने.