विसरून मंदिरात गेला: दोष आहे का?

प्रश्न: मी विधी शाखेचा विद्यार्थी. मूट कोर्टसाठी (सरावाच्या खोट्या खटल्यासाठी) आम्हाला मिळालेली काल्पनिक हकीकत अशी: यरुशलेममधले यहुद्यांचे दुसरे मंदिर उभे होते त्या काळात उत्तरेकडच्या गालील प्रांतातला एक गरीब यहुदी शेतकरी सणाला यरुशलेमला निघाला. वाटेत त्याने एका प्रेताला हात लावला. विटाळ झाल्याचे त्याला ठाऊक होते, पण गर्दीत विसरला. मंदिराच्या अंगणात गेला, शांत्यर्पणाचे (ज्याचे मांस अर्पण करणाराही खातो, त्या अर्पणाचे) मांस खाल्ले. रात्री आठवले. बचाव काय घ्यावा?

उत्तर: ‘हेतू नव्हता’ एवढ्यावर उभे राहू नका, तो मुद्दा इथे अर्धाच चालतो.

प्रेताचा विटाळ हा गुन्हा नव्हे. आपल्याकडच्या सुतकासारखेच, मयताचे कुणीतरी करणारच. दोष आहे तो त्या अवस्थेत पवित्र जागी जाऊन अर्पण खाण्यात. जाणूनबुजून केले असते तर बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या ७:२० प्रमाणे स्वजनांतून उच्छेद, म्हणजे आपल्या लोकांतून तोडले जाणे. नकळत घडल्याने उच्छेद टळतो, पण माणूस सुटत नाही. आपल्या फौजदारी कायद्यात वस्तुस्थितीबद्दलची प्रामाणिक चूक आरोपीला सोडवू शकते. त्या यहुदी नियमांत तिच्यापायी अर्पण द्यावे लागते.

सगळी मदार त्याला केव्हा कळले यावर आहे. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या ‘शवुओत’ या भागात हिशेब स्पष्ट आहे: आधी माहीत, मध्ये विसर, नंतर आठवण, असे असेल तर ऐपतीप्रमाणे बदलणारे अर्पण. आधी मुळीच माहीत नसते, तर त्याचे वेगळे अर्पण नाही. प्रायश्चित्ताच्या दिवशी (यहुद्यांच्या वार्षिक उपासाच्या दिवशी) बाहेरच्या वेदीवर अर्पायचा बकरा आणि तो दिवसच त्याचे प्रायश्चित्त करतात. म्हणजे ‘मला ठाऊकच नव्हते’ म्हणणारा स्वस्तात सुटतो! तुम्हाला तो मोह होईल, पण हकीकतच आडवी येते. सरळ कबुली द्या. लेवीय ५:५ तीच मागते.

मग खर्चाचे बघा. मेंढी किंवा बकरी परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले. तेही जमत नसेल तर एफा या जुन्या मापाचा दहावा भाग, म्हणजे दोनेक लिटर सपीठ, त्यात तेल नाही की वर ऊद नाही. याजक (मंदिरातला पुरोहित) त्यातले मूठभर वेदीवर जाळतो, उरलेले याजकाचेच. गरिबीचा मुद्दा इथेच मांडा, दोष नाकारण्यासाठी वापरू नका.

एक गोष्ट मात्र लगेच सांगा: अशिलाने आता मंदिराकडे फिरकू नये. आठवल्यानंतर टाकलेले पाऊल नकळत ठरणार नाही. नुसती आंघोळही पुरत नाही. बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या १९ व्या अध्यायाप्रमाणे तांबड्या कालवडीची राख घातलेले पाणी एजोब या झुडपाच्या जुडीने तिसऱ्या व सातव्या दिवशी अंगावर शिंपडून घ्यायचे, सातव्या दिवशी कपडे धुऊन स्नान करायचे, संध्याकाळी शुद्ध. अर्पण त्यानंतर.