पस्तिसाव्या रस्त्यावरचा संघ

ओंकार,

तुझे प्रश्न आधी इथे लिहिते, म्हणजे तुझ्यासारखं आणखी कुणी निघालं असेल तर त्यालाही उपयोग होईल. येत्या ऑगस्टमध्ये तू सांगलीहून शिकागोला, इलिनॉय टेकला एम.एस. करायला येतोयस. होणारा रूममेट व्हाइट सॉक्स या शिकागोच्या बेसबॉल संघाचा कट्टर चाहता आहे. त्याच्या सांगण्यावरून तू मोबाईलवर दोन-तीन बेसबॉलचे सामने पाहिलेस, पण कॉमेंटेटर इतकी एकतर्फी बाजू घेतात की तुला ऐकवेना. शिवाय हा संघ एका वर्षात सगळ्यात जास्त सामने हरलेला. तेव्हा या भानगडीत पडायचं, की खोलीवर क्रिकेट लावून बसायचं? आणि राहायचं कुठे?

राहण्याचं आधी उरकते. नेपरव्हिल किंवा शॉमबर्ग या उपनगरांत कुणी ओळखीचं आहे म्हणून तिकडे राहू नकोस. तिथे आपली माणसं भरपूर आहेत हे खरं, पण जाण्या-येण्यातच जीव जाईल. कॉलेजच्या आवारात किंवा ब्रिजपोर्ट, चायनाटाउन या भागांत बघ. घर पसंत करण्याआधी संध्याकाळी सातनंतर स्टेशनपासून दारापर्यंत एकदा स्वतः चालून जा. जाड कोट तिकडून आणू नकोस, बॅगेतली जागा फुकट जाईल. इथली थंडी ओळखूनच इथे कोट शिवलेले असतात.

आता बेसबॉल. मला याच विषयावर जास्त लिहायचं आहे.

तुझं कॉलेज आणि सॉक्सचं मैदान यांच्यामध्ये फक्त एक महामार्ग आहे, डॅन रायन. त्याच्यावरून पस्तिसाव्या रस्त्याचा पूल गेला की समोर मैदान. रेड लाइन या लोकल रेल्वेच्या स्टेशनचं नावच सॉक्स–३५ आहे. सॉक्सच्या खेळाडूने होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे, मारला की स्कोअरबोर्डवरून फटाके उडतात, १९६० पासूनची प्रथा आहे ही. मी २००९ च्या ऑगस्टमध्ये आले. पहिल्याच आठवड्यात रात्री खिडकीशी वाचत बसले होते, तेव्हा धडाधड आवाज झाले आणि मी दचकून दिवा मालवला. रूममेट हसून म्हणाली, "अगं, आपल्यातल्या कुणीतरी होमरन मारला." ती स्वतः त्या वर्षी जानेवारीत हैदराबादहून आलेली, आणि आठ महिन्यांत तिच्या तोंडी 'आपल्यातला' आला होता. हे माझ्या मनात राहिलं.

मी यायच्या महिनाभर आधी, २३ जुलै २००९ ला, सॉक्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मार्क ब्युर्ले याने टँपा बेविरुद्ध 'परफेक्ट गेम' टाकला होता. म्हणजे २७ फलंदाज आले आणि २७ च्या २७ बाद, धावताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, म्हणजे बेसवर, एकही पोचला नाही. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये ड्वेन वाइजने कुंपणाच्या वर हात घालून होमरन होऊ पाहणारा चेंडू ओढून काढला. शहरात अजून त्याचीच चर्चा होती. आणि चर्चेत कॉमेंटेटरही होता, केन हॅरलसन, ज्याला सगळे 'हॉक' म्हणायचे. त्याने सामना चालू असताना टीव्हीवरून लोकांना सांगितलं होतं की मुलांना फोन करा, मुलींना फोन करा, शेजाऱ्यांना फोन करा. आणि लोकांनी खरंच केले होते.

तुझ्या तक्रारीचं उत्तर इथे आहे. आपल्याकडे क्रिकेटचा सामना म्हणजे सगळ्या देशाला एकच प्रक्षेपण. माझे वडील बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन आकाशवाणीवर ऐकत मोठे झाले. दोन्ही बाजूंना न्याय देणारा आवाज म्हणजेच समालोचन, हे आमच्या घरात ठरलेलं. बेसबॉलची रचना वेगळी आहे. प्रत्येक संघाचे स्वतःचे कॉमेंटेटर असतात, संघानेच नेमलेले किंवा संघाच्या संमतीने ठेवलेले. एकाच सामन्याचं चित्रण दोन शहरांत दोन वेगळ्या आवाजांत जातं. वर्षाला १६२ सामने, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज एक. सहा महिने रोज तीन-तीन तास एकाच शहराशी बोलणारा माणूस परका कसा राहील? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तिथे उघडउघड चालतं.

हॉक तर त्यातला शिरोमणी. सॉक्सच्या पोरांना तो 'द गुड गाइज' म्हणायचा, म्हणजे समोरचे कोण ते तूच समज. आपला होमरन झाला की "यू कॅन पुट इट ऑन द बोर्ड... येस!", समोरचा बाद झाला की "ही गॉन!" आणि आपण मार खाल्ला की गप्प. अगदी गप्प, मैदानातला नुसता कलकलाट ऐकू यायचा. २०१२ मध्ये एका अंपायरवर तो इतका भडकला की लीगच्या प्रमुखापर्यंत, कमिशनरपर्यंत, प्रकरण गेलं. इतर शहरांतले लोक त्याचं नाव काढलं तरी वैतागायचे. मीसुद्धा पहिली दोन वर्षं तुझ्यासारखीच आवाज बंद करून बघायचे.

माझं मत बदललं ते ब्रिजपोर्टच्या घरमालकिणीमुळे. सत्तरी उलटलेली, पोस्टातून निवृत्त झालेली बाई. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेडिओ, शेजारी स्कोअरची वही, आणि चाकूने टोक काढलेली पेन्सिल. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे छोटे चौकोन. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद; तिसऱ्यांदा बॅट फिरवूनही चेंडू चुकला तर इंग्रजी के, आणि बॅट न हलवताच अंपायरने बाद दिलं तर तोच के उलटा लिहायचा, हे तिने मला माझ्या हातात पेन्सिल देऊन शिकवलं. हॉक एकतर्फी आहे असं मी म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "तो गप्प बसतो ना, तेव्हा मला कळतं की माझ्याएवढंच त्यालाही लागलंय." मला ते पटलं. तो बाजू घ्यायचा, पण हरल्यावर जिंकल्याचा आव आणत नसे.

टीव्हीवर त्याच काळात स्टीव्ह स्टोनही होता. १९८० मध्ये बाल्टिमोरकडून २५ सामने जिंकून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवलेला पिचर. तो आधी शिकागोच्याच दुसऱ्या संघाचा, कब्जचा, कॉमेंटेटर होता. २००४ मध्ये त्याने संघाच्या खेळावर परखड टीका केली, खेळाडू बिथरले आणि हंगाम संपताच तो तिथून बाहेर पडला. घरच्या आवाजाला खरं बोलणं किती महागात पडतं ते यावरून लक्षात येईल.

आता २०२४. हा संघ कायमचा रडका होता असं समजू नकोस. २००५ मध्ये यांनी ह्यूस्टनला ४–० हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली होती, १९१७ नंतर पहिल्यांदा. २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून आपल्या गटात पहिले आले होते. तिथून तीन वर्षांत सगळं कोसळलं. चांगले खेळाडू विकले, जे उरले त्यातले दुखापतींनी बसले, झेल सुटत होते, घेतलेली आघाडी टिकत नव्हती. २०२४ चा पहिला सामना डेट्रॉइटकडून ०–१ हरले. पहिल्या २५ सामन्यांत ३ विजय. १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत सलग २१ पराभव. ओकलंडला ५–१ जिंकून ती माळ एकदाची तुटली, आणि दोनच दिवसांनी मॅनेजरला, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकाला, काढलं. शेवटचा हिशेब ४१ विजय, १२१ पराभव. १९६२ मध्ये न्यूयॉर्क मेट्स १२० हरले होते, पण तो त्यांचा पहिलाच हंगाम होता, नवा जमवलेला संघ. १८९९ चे क्लीव्हलँड स्पायडर्स १३४ हरले होते, पण तो काळच निराळा. आधुनिक बेसबॉलमध्ये १२१ हाच आकडा सर्वांत वर.

त्या उन्हाळ्यात माझ्या खिडकीत फटाक्यांचा आवाज फारसा आलाच नाही. जुलैत तर कान देऊन बसायचे मी.

कॉमेंट्रीवरून भांडणं सुरू झाली ती तेव्हाच. हॉक २०१८ मध्ये निवृत्त झालेला. त्याच्यानंतरचा लाडका कॉमेंटेटर जेसन बेनेटी, याच भागात वाढलेला, २०२३ नंतर डेट्रॉइटला गेला. त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाचं पहिलंच वर्ष आणि नशिबी हा संघ. किरकोळ फटक्यावरही तो उत्साहाने ओरडायचा आणि लोक चिडायचे. मला त्या माणसाची बाजूही दिसते. नोकरी नवी, रोज तीन तास भरायचे, आणि मैदानात दाखवायला काही नाही. पण चाहत्यांचा राग खोटा नव्हता. घरात दुःख असताना कुणी सनई लावावी तसं वाटायचं. पक्षपात त्यांनी वीस-वीस वर्षं प्रेमाने ऐकला होता. आपण बघतोय ते दिसतच नसल्यासारखं बोलणं त्यांना सहन होत नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरचे शेवटचे तीन सामने एंजल्सविरुद्ध होते. पराभव १२० झालेले. घरमालकिणीला घेऊन मी गुरुवारी, २६ तारखेला गेले. मालकाने संघ विकावा अशा घोषणा चालू होत्या, काहींनी डोक्यावर कागदी पिशव्या घातल्या होत्या. तिने कशात भाग घेतला नाही, मांडीवर वही ठेवून एकेक चौकोन भरत होती. सॉक्सनी ते तिन्ही सामने जिंकले. दुसऱ्या दिवशी डेट्रॉइटला जाऊन १–४ हरले, आणि त्याच विजयाने डेट्रॉइटचं प्लेऑफचं, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचं, तिकीट पक्कं झालं. रात्री मी तिच्याकडे डोकावले. रेडिओ बंद होता, वही उघडी. तारीख, प्रतिस्पर्धी, ४–१, एवढंच लिहिलेलं, नेहमीच्याच अक्षरात. १२१ कुठेच लिहिलेलं नव्हतं. आदल्या पानांवर पाहिलं, त्या २१ पराभवांपैकी एकही सामना तिने सोडला नव्हता.

म्हणून तुला सांगते, खोलीवर क्रिकेट जरूर बघ, मीही पहाटे उठून बघते. पण रूममेटला टाळू नकोस. नवीन गावात अनोळखी माणसाशी काय बोलायचं, हा पहिल्या हिवाळ्यातला सर्वांत अवघड प्रश्न असतो. मला लॉन्ड्रीत, बसमध्ये, लॅबमध्ये सॉक्सच्या पराभवांनी जेवढं बोलायला दिलं तेवढं कशानेच दिलं नाही. जिंकणाऱ्या संघाभोवती गर्दी असते, तिथे नव्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही. हरणाऱ्या संघाची बाजू घेणारा भारतीय मुलगा दिसला की म्हातारे लोक शेजारची खुर्ची रिकामी करून देतात.

थोडं कामाचंही सांगते. शिकागोत राहून लीगचं ऑनलाइन वर्गणीचं ॲप घेऊ नकोस. स्थानिक संघाचे सामने त्यात स्थानिक लोकांना थेट दिसत नसत, हा नियम बदललाय का ते पैसे भरण्याआधी तपास. रेडिओ ऐक. तिथे लेन कॅस्पर आणि डॅरिन जॅक्सन असतात, शांत आणि नेमके. चित्र नसल्यामुळे त्यांना प्रत्येक चेंडू शब्दांत सांगावा लागतो, आणि इथल्या बोलीला कान सरावायला यासारखी शिकवणी नाही. कॉमेंट्री फारच एकतर्फी वाटली तर त्याच सामन्याची समोरच्या संघाची कॉमेंट्री शोध. ते त्यांच्या बाब्याचं कौतुक करत असतील. दोन्ही ऐकलंस की मधलं तुझं तुला कळेल. एप्रिलच्या सामन्याला जाताना हातमोजे विसरू नकोस.

२०२५ मध्ये ६० जिंकले, १०२ हरले. १९ सामने जास्त जिंकले म्हणून आमच्या गल्लीत लोक खुश होते, आणि त्याच वर्षी पोप झालेले लिओ चौदावे याच संघाचे चाहते निघाले, त्याचा आनंद वेगळाच.

उतरलास की कळव. ऑगस्टअखेर घरचे बरेच सामने शिल्लक असतात. घरमालकिणीचे गुडघे आता वरच्या मजल्यापर्यंत चढत नाहीत, म्हणून आम्ही खालचीच जागा घेतो. तुझ्यासाठी एक जास्तीची वही तिने आत्ताच आणून ठेवली आहे.