पिशवीत निरोध सापडले म्हणून कुणी दलाल ठरत नाही

(प्रश्न थोडक्यात, नाव-गाव वगळून: मी तृतीयपंथी आहे. वस्तीतल्या धंदेवाल्या बायकांच्या हक्कांसाठी एका संस्थेतून काम करते, निरोध वाटते. गेल्या आठवड्यात रेड पडली. तिशीतल्या दोघी मैत्रिणींना सुधारगृहात ठेवलंय, त्यांना बाहेर यायचंय. मी जाब विचारला, तर पिशवीतले निरोध दाखवून साहेब म्हणाले, "तूही दलालच, पिटा लावतो." पिटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. आता ठाण्यात बोलावलंय. काय करू?)

ताई, जा, पण एकट्या नको आणि तोंडी सांगण्यावर तर मुळीच नको. लेखी नोटीस मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179 लिहिलेलं असेल तर तुम्ही साक्षीदार. कलम 35 असेल तर तुमच्यावर संशय आहे. त्याच दिवशी वकील गाठा, अटकपूर्व जामिनाचं बघा.

निरोधांचं भय सोडा. आरोग्यासाठी घेतलेली अशी काळजी गुन्ह्याचा पुरावा धरायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 19 मे 2022 च्या आदेशात आहे. एड्स नियंत्रण कार्यक्रमात सरकार स्वतःच निरोध वाटतं.

मला काळजी वाटते ती पिटाच्या कलम 4 ची. वेश्येच्या कमाईवर जगणं हा त्यातला गुन्हा. जो माणूस नेहमी तिच्या सोबत दिसतो तो तिच्या कमाईवर जगतो असं हे कलम गृहीत धरतं, आणि तसं नाही हे त्यानेच सिद्ध करायचं. तुमचं तर सगळं कामच त्यांच्या सोबतीचं! म्हणून संस्थेचं ओळखपत्र, मानधन जमा झालेलं बँकेचं पासबुक, निरोध वाटपाची नोंदवही, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, सगळ्याच्या प्रती आजच काढा. मूळ कागद ठाण्यात देऊ नका.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या आदेशानंतर "धंदा कायदेशीर झाला" असं बरेच जण म्हणू लागले. मुळात देहविक्री हा पिटाखाली गुन्हा नव्हताच. कुंटणखाना, दलाली, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे तेव्हा होते, आजही आहेत. सज्ञान बाई मर्जीने काम करत असेल तर पोलिसांनी मध्ये पडू नये, या शिफारशीला केंद्राने हरकत घेतली होती; ती शिफारस न्यायालयानेच नेमलेल्या समितीची होती. तेव्हा ठाण्यात या शिफारशीवर विसंबू नका.

मैत्रिणींसाठी मात्र हातात भक्कम निकाल आहे. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच तीन सज्ञान स्त्रियांना सुधारगृहातून सोडलं. दंडाधिकारी आणि सत्र न्यायालय, दोघांचेही आदेश रद्द केले. सज्ञान बाईला आपला व्यवसाय निवडायचा हक्क आहे, तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येणार नाही, असं न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी स्पष्ट लिहिलंय.

अर्ज तुम्ही करू नका. "तुमचं नातं काय?" या प्रश्नातच तारखा जातील. वकीलपत्रावर त्या दोघींच्याच सह्या घ्या, वयाचे दाखले जोडा आणि "आम्हाला इथे राहायचं नाही" हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. घाई करा. चौकशीपुरती ठेवण्याची मुदत तीन आठवड्यांची असते. त्यानंतर पिटाच्या कलम 17 खाली एक ते तीन वर्षांचा आदेश होऊ शकतो.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा 15100 लावा. स्त्रिया म्हणून दोघींना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.